डबलडेकरची चित्रे : प्रकल्प नोंदी

२१ फेब्रुवारी २०२३, मंगळवार

विजेवर चालणारी वातानुकूलित डबलडेकर आजपासून मुंबईकरांच्या सेवेत आली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते एनसीपीए हा तिचा मार्ग असून किमान भाडे ६ रुपये आहे. नव्या गाडीचे स्वागत होत असतानाच जुन्या, डिझेलच्या लाल डबलडेकरची चित्रमालिका करायची असे आम्ही दोघांनी पक्के केले, कारण शेवटच्या तुकडीतल्या जुन्या गाड्यांचे १५ वर्षांचे आयुष्य याच वर्षी संपते आणि त्यानंतर रेखाटन करायला समोर गाडीच राहणार नाही. १९३७ साली मुंबईत आलेली ही गाडी १९९०च्या सुमारास जवळपास ९०० इतक्या संख्येने रस्त्यांवर होती, आणि आज ती नेमकी कोणत्या मार्गावर दिसेल हे चौकशी करून शोधावे लागते.

चित्रे मी काढणार आहे आणि मजकूर सहकारी लिहिणार आहे. कामाच्या पद्धतीबद्दल आमचे लगेच एकमत झाले. काम लोकांसमोर केव्हा ठेवायचे याबद्दल मात्र झाले नाही. एकेक चित्र तयार होईल तसे प्रसिद्ध करत गेल्यास वाचक हळूहळू जोडला जातो असे त्याचे म्हणणे आहे. ते खोटे नाही, आणि वृत्तपत्रातल्या रोजच्या व्यंगचित्रासारख्या कामाला तीच रीत योग्य आहे. पण या मालिकेत खालच्या मजल्याच्या चित्राला वरच्या मजल्याच्या चित्राखेरीज पूर्ण अर्थ येत नाही, आणि जिन्याचे चित्र या दोहोंच्या मध्ये असल्याशिवाय त्यांचा एकमेकांशी संबंध कळत नाही. त्यामुळे मालिका पूर्ण होईपर्यंत एकही चित्र बाहेर द्यायचे नाही असा माझा आग्रह आहे. त्याने तो तूर्तास मान्य केला आहे.

२२ मार्च २०२३, बुधवार, गुढीपाडवा

सुट्टीमुळे गर्दी कमी असेल असा अंदाज होता आणि तो बरोबर ठरला. अंधेरी पूर्वेला आगरकर चौक ते सीप्झ या ४१५ क्रमांकाच्या मार्गावर सकाळपासून पेन्सिलने रेखाटने केली. गाडीच्या कपाळावरचा देवनागरी अंकांतला क्रमांक, मागच्या बाजूचा वळणाचा जिना, जिन्याच्या कठड्यावर हात लागून लागून गुळगुळीत झालेला भाग आणि वरच्या मजल्यावरची पुढची खिडकी या गोष्टी आज निवांत पाहता आल्या.

पुढच्या खिडकीत बसल्यावर एक गोष्ट ध्यानात आली आणि मालिकेचा कणा तीच होईल असे वाटते. या उंचीवरून शहर जसे दिसते तसे दुसरीकडून कोठूनही दिसत नाही. दुकानांच्या पाट्यांची धूळ साचलेली वरची कड, पहिल्या मजल्याच्या गॅलरीतले वाळत घातलेले कपडे, खिडकीत बसून भाजी निवडणाऱ्या बाईंचा क्षणभर समोर येणारा चेहरा, हे सारे चालत्या गाडीतून आणि जवळजवळ समान पातळीवरून दिसते. इमारतीतून पाहणारा माणूस स्थिर असतो आणि उड्डाणपुलावरून जाणारा फार वेगात असतो. त्यामुळे ही चित्रे गाडीबद्दल जितकी आहेत तितकीच या उंचीबद्दल आहेत, आणि प्रसिद्धीचा विचार करताना हे विसरता कामा नये.

३० एप्रिल २०२३, रविवार

पेन्सिलची रेखाटने घेऊन परळला निवृत्त कंडक्टर काकांकडे गेलो. त्यांनी डबलडेकरवर खालच्या आणि वरच्या अशा दोन्ही मजल्यांवर काम केले आहे. एका गाडीत दोन कंडक्टर असत, आणि दारातली चढउतार पाहून खालचा कंडक्टर घंटी देत असे. वरच्या मजल्यावरच्या कंडक्टरचे रेखाटन त्यांनी बराच वेळ पाहिले आणि उठून उभे राहून स्वतःच ती उभे राहण्याची पद्धत दाखवली. एका हातात पैसे आणि दुसऱ्या हातात तिकिटाला छिद्र पाडायचा पंच असल्यामुळे धरायला हात मोकळा नसे, म्हणून कंबर सीटच्या पाठीला टेकवून आणि पाय किंचित फाकवून तोल सांभाळावा लागे, आणि गाडी वळताना सारा भार एका गुडघ्यावर येई. “हे उभं राहणं अंगात भिनायला वर्ष लागतं, ते चित्रात दिसलं पाहिजे,” असे ते म्हणाले.

काम कोणाला कधी दाखवावे याचा आमच्या मनातला क्रम यावरून निश्चित झाला. ज्याला त्या कामाची आतून माहिती आहे त्याला ते पेन्सिलच्या अवस्थेत दाखवले पाहिजे, कारण तेव्हा कंबरेची रेषा खोडून पुन्हा काढता येते, आणि सांगणाऱ्यालाही आपण सांगितलेले उपयोगी पडणार आहे हे दिसत असते. शाई आणि रंग लागल्यावर तेच चित्र दाखवले असते, तर काकांनी स्वभावाप्रमाणे कौतुक केले असते, चहा पाजला असता आणि गुडघ्याची गोष्ट मनातच ठेवली असती. स्नेह्यांना आणि घरच्यांना मात्र याच अवस्थेत दाखवू नये असे माझे मत आहे. अपुऱ्या चित्रात ते पूर्ण चित्र शोधतात आणि त्यांच्या उत्साहाने किंवा निरुत्साहाने हाताला उगाच एक दिशा मिळते.

२८ मे २०२३, रविवार

कलाशाळेतले माझे सर दादरला राहतात. त्यांच्याकडे सर्व रेखाटने मांडणीसाठी नेली होती. त्यांनी एकाही चित्राबद्दल चांगले किंवा वाईट असे काही म्हटले नाही. सगळी जमिनीवर पसरून त्यांचा क्रम बदलत राहिले. शेवटी त्यांनी सांगितले की पाऊस सुरू होईपर्यंत ही रेखाटने भिंतीवर लावून ठेव, येताजाता पाहा आणि रंगाला हात लावू नकोस.

सरांच्या या सांगण्यामागे त्यांचा जुना अनुभव आहे. नुकत्याच केलेल्या चित्रात चित्रकाराला आपले श्रम दिसतात, आणि काही आठवडे गेल्यावर चित्र दिसू लागते. त्याआधी ते इतरांसमोर ठेवले तर येणारी प्रत्येक प्रतिक्रिया आपल्या श्रमांवर येऊन पडते आणि तिच्यातले ग्राह्य काय, अग्राह्य काय हे वेगळे करता येत नाही.

२५ जून २०२३, रविवार

मोसमी पाऊस आज मुंबईत दाखल झाला, नेहमीपेक्षा बराच उशिराने. भिंतीवरची रेखाटने काढून घेतली. त्यांपैकी काही आता मालिकेत नको आहेत, आणि ती कोणती हे ठरवताना वादही झाला नाही.

१८ जुलै २०२३, मंगळवार

जलरंगांचे काम पावसाळ्यात करण्याचे कष्ट ज्याने केले आहेत त्यालाच कळतील. हवेतल्या दमटपणामुळे पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, तासन्‌तास वाळत नाही, वाळला असे समजून दुसरा दिला की कडा फुटतात, आणि कागद ओल धरून बसला असेल तर रंग पृष्ठभागावर न राहता टिपकागदात शिरावा तसा आत शिरतो. कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद पेटीत ठेवले आहेत आणि एका वेळी एकच बाहेर काढते. वेग वाढवण्यासाठी केस वाळवण्याचे यंत्र वापरता येते, पण त्याने लाल रंगाच्या मोठ्या क्षेत्रात ढगासारखे डाग उमटतात, आणि या मालिकेत मोठे लाल क्षेत्र टाळता येण्यासारखे नाही.

आजपासून अधिक श्रावण सुरू झाला. त्यामुळे दिवाळी यंदा १२ नोव्हेंबरला आली असून, दिवाळी अंकांच्या संपादकांना एरवीपेक्षा काही आठवडे जास्त मिळाले आहेत. अशाच एका संपादकांचा सहकाऱ्याला दूरध्वनी आला. सोळा पानांचा रंगीत फॉर्म ते या मालिकेसाठी राखून ठेवायला तयार आहेत आणि अंतिम चित्रे त्यांना सप्टेंबरच्या अखेरीस हवी आहेत.

मला हा प्रस्ताव मनापासून आवडला. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी वाचकाला वर्षातून एकदा फराळाबरोबर वाचायचा अंक हाती घेऊन बसायची सवय लागली आहे, आणि तो अंक भाऊबीज झाल्यावर रद्दीत जात नाही. कित्येक घरांत तो संक्रांतीपर्यंत पुरवून वाचला जातो आणि शेजारीही फिरतो. हळूहळू पाहण्यासाठी केलेल्या चित्रांना असा वाचक मिळणे ही मोठी गोष्ट आहे, आणि त्याच्यासाठी आपले काम त्याच्या ऋतूत तयार ठेवणे हेही चित्रकाराचे कर्तव्य आहे. धीर धरायचा तो अशी तारीख समोर ठेवून. तारखेशिवाय धरलेल्या धीराला मी चालढकल म्हणेन.

२१ जुलै २०२३, शुक्रवार

परवा रात्री रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. आम्ही काल काही ओळखीच्या चित्रकारांना रंगवलेली पहिली चित्रे पाहायला बोलावले होते. ते बोलावणे सहकाऱ्याने सकाळीच सर्वांना कळवून रद्द केले आणि नवी तारीख दिली नाही. त्याने योग्य केले. माणसे आली असती, पण कोणाचेही मन चित्रांत नसते, आणि ते असावे अशी अपेक्षा करणेही बरे दिसले नसते.

७ ऑगस्ट २०२३, सोमवार

आज बेस्ट दिन. १९४७ साली याच तारखेला ही सेवा मुंबई महापालिकेच्या ताब्यात आली. मालिकेतील निदान एक चित्र आजच्या निमित्ताने प्रसिद्ध करावे असे सहकाऱ्याच्या मनात होते आणि कागदावर पाहता तारीख खरोखर चांगली होती. पण भाडेतत्त्वावरील बसगाड्यांच्या चालकांचा संप २ तारखेपासून सुरू आहे, थांब्यांवर रांगा लागलेल्या आहेत, आणि चालकांच्या पगाराचा प्रश्न तितकाच खरा आहे. कामावर निघालेला माणूस थांब्यावर ताटकळत उभा असताना त्याच्यापुढे बसगाडीचे प्रेमळ चित्र ठेवले, तर त्याच्या त्रासाकडे आपण पाहिलेच नाही असे त्याला वाटेल आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे. दिनदर्शिकेतली तारीख आणि लोकांच्या मनाची तयारी या दोन गोष्टी जुळल्या तर उत्तम. न जुळल्यास दुसरीला मान द्यावा.

१० सप्टेंबर २०२३, रविवार

शेवटच्या डिझेल डबलडेकरचा दिवस जाहीर झाला आहे : शुक्रवार, १५ सप्टेंबर. वरचा मजला उघडा असलेल्या पर्यटनाच्या गाड्या त्यानंतर काही दिवस चालतील आणि ५ ऑक्टोबरला बंद होतील.

आज दिवसभर एकाच प्रश्नावर चर्चा झाली. सहकाऱ्याची बाजू मी येथे नीट मांडून ठेवते, कारण ती भक्कम आहे. शुक्रवारी साऱ्या शहराचे लक्ष या गाडीवर असेल. लगेच १९ तारखेला गणपती येतील आणि पुढचे दहा दिवस मुंबईला दुसरे काही सुचणार नाही. नोव्हेंबरात कोणाला या गाडीची आठवण असेल आणि कोणाला नसेल हे आज सांगता येत नाही. संपादकांचेही मत त्याच्याकडेच झुकते आहे. अंकाची जाहिरात म्हणून शुक्रवारी एक चित्र द्यावे असे त्यांनी सुचवले आहे.

माझे म्हणणे असे आहे. शुक्रवारी प्रत्येक मुंबईकराकडे स्वतःची आठवण असेल, स्वतःचे छायाचित्र असेल, शाळेत जाताना पुढची सीट पकडण्यासाठी जिन्यावरून धावल्याची स्वतःची गोष्ट असेल. ज्याचे मन स्वतःच्या आठवणीने भरले आहे त्याच्या हाती दुसऱ्याने काढलेले चित्र दिले तर तो ते पाहत नाही. त्या आठवणीला दुजोरा म्हणून वापरतो आणि पुढे जातो. निरोपाच्या दिवशी ते साहजिकही आहे. पण आमची चित्रे निरोपाची नाहीत. दोन कंडक्टरांच्या कामाची विभागणी, तोल सांभाळणारा गुडघा, आणि पाट्यांच्या वरच्या कडेची उंची हा त्यांचा विषय आहे, आणि तो पाहण्यासाठी वाचकाला थोडे रिकामेपण हवे. ते रिकामेपण गाडी गेल्यानंतर काही आठवड्यांनी येईल, जेव्हा थांब्यावर उभे असताना काहीतरी नाही हे त्याचे त्यालाच जाणवेल.

दुसरे कारण कामातलेच आहे. मालिकेचे शेवटचे चित्र अजून काढलेले नाही आणि गाडी बंद झाल्याशिवाय ते काढता येणार नाही. मार्चमध्ये वरून पाहिलेल्या त्याच पाट्या आणि त्याच खिडक्या पदपथावरून, मान वर करून जशा दिसतात तशा काढायच्या आहेत.

रात्री सहकाऱ्याने आपले म्हणणे मागे घेतले. संपादकांना मी स्वतः कळवले. त्यांनी नाराजी न दाखवता होकार दिला, याबद्दल त्यांची मी ऋणी आहे.

१५ सप्टेंबर २०२३, शुक्रवार

४१५ क्रमांकाच्या मार्गावर शेवटची फेरी झाली. गाडीला फुलांच्या माळा घातल्या होत्या आणि बसप्रेमी मोठ्या संख्येने जमले होते. आम्ही दोघेही होतो, पण रेखाटनवही पिशवीतच ठेवली. जुन्या गाड्यांपैकी निदान दोन संग्रहालयात जपून ठेवाव्यात अशी मागणी प्रवाशांच्या संघटनांनी केली आहे आणि ती मला पूर्णपणे रास्त वाटते.

४ ऑक्टोबर २०२३, बुधवार

लोअर परळच्या छापखान्यात पहिले रंगीत प्रूफ पाहिले. चार रंगांच्या छपाईत गाडीचा लाल रंग मॅजेंटा आणि पिवळा यांच्या मिश्रणातून साधावा लागतो आणि सावलीसाठी त्यात काळा जास्त गेला की लाल मळतो. छपाईचे काम पाहणाऱ्या दादांनी सावलीतला काळा कमी करून तेथे थोडा सायन, म्हणजे छपाईतला निळा, वापरून पाहिला आणि मूळ चित्राच्या बराच जवळ जाणारा लाल मिळाला. अंकांच्या धावपळीत त्यांच्या यंत्रावर एकामागून एक कामे रांगेत होती, तरी त्यांनी दुसरे प्रूफ काढून दिले. त्यांच्या कौशल्याचा उल्लेख मजकुराच्या शेवटी करावा असे ठरले आहे.

शेवटचे चित्र अंकात जाणार नाही. पदपथावरून ते दोनदा मांडून पाहिले, पण वरून पाहण्याची सवय डोळ्यांतून अजून गेलेली नाही आणि माझ्या नकळत पाट्या खऱ्यापेक्षा जवळ येतात. सर म्हणाले, “ते चित्र मागे ठेव, अंकाला त्याची गरज नाही.” पाने पुन्हा लावून पाहिली तेव्हा अंकातला भाग जिन्याच्या चित्रावर संपतो आणि तो शेवट योग्य वाटतो.

३० ऑक्टोबर २०२३, सोमवार

अंक बाजारात आला. आजपासून काळ्यापिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीही अधिकृतरीत्या रस्त्यावर नाहीत. त्यांतली शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती आणि टॅक्सीसाठी ठरवलेली २० वर्षांची मर्यादा काल संपली. पुन्हा सगळीकडे निरोपाची छायाचित्रे आहेत. सहकाऱ्याने आमच्या मालिकेचा त्यांच्याशी संबंध जोडणारा एकही शब्द लिहिला नाही.

२६ नोव्हेंबर २०२३, रविवार

प्रतिसाद संथ गतीने येतो आहे. शुक्रवार, १५ सप्टेंबरला जितक्या लोकांनी एखादे चित्र पाहिले असते त्याच्या तुलनेत ही संख्या लहान आहे, आणि सहकाऱ्याने ही किंमत मोजायला संमती दिली याची येथे नोंद असली पाहिजे. पण पत्रांचा आणि दूरध्वनींचा विषय पाहण्यासारखा आहे. गिरगावच्या एका आजींनी कळवले की त्यांच्या पहिल्या मजल्याच्या खिडकीसमोर पूर्वी डबलडेकर थांबत असे आणि वरच्या मजल्यावरचे काही रोजचे प्रवासी त्यांना नावानिशी ओळखत. खिडकीतल्या बाईंचे चित्र त्यांनी नातीला दाखवले. वरच्या कंडक्टरच्या चित्राबद्दल काकांच्या जुन्या सहकाऱ्यांनी त्यांनाच दूरध्वनी करून गुडघा बरोबर आला आहे असे सांगितले. यातल्या कोणीही गाडी बंद झाल्याची हळहळ प्रथम व्यक्त केली नाही. सर्वांनी आधी चित्रात काय आहे ते सांगितले.

१५ जानेवारी २०२४, सोमवार, मकरसंक्रांत

शेवटचे चित्र पूर्ण झाले. पाट्या आता जितक्या उंच आहेत तितक्याच उंच दिसतात आणि खिडकीतली बाई दिसत नाही, फक्त कठड्यावरून लोंबणारी साडीची कड दिसते.

मूळ चित्रांचे प्रदर्शन कोठे करावे याचा विचार सुरू आहे. जहांगीर कला दालनात तारीख मिळायला काही वर्षे थांबावे लागते, आणि अर्ज करायला हरकत नाही. पण ज्यांनी या गाडीत काम केले आणि प्रवास केला त्यांच्या जवळचे ठिकाण मला आधी हवे आहे. काळा घोडा महोत्सव २० तारखेपासून सुरू होतो, तेव्हा त्या दिवसांत दुसरे काही ठेवू नये. परळमधल्या एका वाचनालयाची खोली फेब्रुवारीत मिळण्यासारखी आहे. दहावी-बारावीच्या परीक्षांसाठी तेथे अभ्यासाला मुले येऊ लागण्यापूर्वी आमचे काम आटोपले पाहिजे.

११ फेब्रुवारी २०२४, रविवार

वाचनालयातले प्रदर्शन आज संपले. शेवटचे चित्र येथे प्रथमच लोकांसमोर आले. खिडकीच्या चित्राच्या बरोबर समोरच्या भिंतीवर ते लावले होते. बरेच जण एकदा पाहून पुन्हा मागे वळून खिडकीच्या चित्राकडे जात होते. अंक वाचून आलेल्यांनी हे चित्र अंकात का नव्हते असे विचारले, आणि तेव्हा ते तयार नव्हते हे उत्तर सर्वांना पटले.

एका प्रकाशकांनी पुस्तकाबद्दल विचारणा केली आहे. मुंबईची बससेवा १५ जुलै १९२६ रोजी सुरू झाली, म्हणजे २०२६च्या जुलैत तिला १०० वर्षे होतील. पुस्तक मात्र याच वर्षी उन्हाळ्यात काढावे अशी त्यांची इच्छा आहे. आम्ही त्यांना असे कळवले आहे की पुस्तकासाठी चालक, आगारातले कारागीर आणि तिकीट तपासनीस यांची नवी चित्रे लागतील, त्यांची पेन्सिलची रेखाटने त्या त्या माणसांना दाखवून घ्यावी लागतील, आणि त्यामुळे हस्तलिखित २०२५च्या दिवाळीनंतर देता येईल. काकांनी आगारातल्या जुन्या मेकॅनिकची गाठ घालून देण्याचे कबूल केले असून पुढच्या रविवारी त्यांच्याबरोबर जायचे आहे.